शिकवायला शिकणाऱ्यांचे यश कुठे शोधायचे?

शैक्षणिक वर्ष संपत आले की विद्यापीठांतील शिक्षणशास्त्र विभाग आपल्या विद्यार्थ्यांच्या यशाची यादी जाहीर करतात. कोणाला सुवर्णपदक मिळाले, कोणाला पाठ्यवृत्ती, कोणाचा शोधनिबंध परिषदेत वाचला गेला. त्याच सुमारास विभागातल्या सहजीवनाचेही चित्र मांडले जाते: नवागतांचे स्वागत, अभ्यासमंडळे, वाचनकट्टे, जवळच्या वस्तीतल्या मुलांसाठी चालवलेले वर्ग. आणि मग ठरल्यासारखा वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, हे उपक्रम आता पुरे. विद्यार्थ्यांना विषय पक्का येत नाही आणि विभाग फलक रंगवण्यात दंग आहे. दुसरी बाजू म्हणते, शिक्षण म्हणजे माणसे जोडण्याचे काम, तिथे पदके आणि क्रमांक हवेतच कशाला? दोन्ही बाजूंची तळमळ मला खरी वाटते. पण दोघांनीही एक गोष्ट न तपासताच मान्य करून टाकली आहे. ती म्हणजे वैयक्तिक यश एका खात्यावर आणि सहजीवन दुसऱ्या, एकात भर पडली की दुसऱ्यात तूट.

माझे म्हणणे असे की, शिक्षक घडवणाऱ्या संस्थेत ही दोन खाती मुळात वेगळी नसतात. एकमेकांच्या वर्गात बसणे, एकमेकांचे पाठ तपासणे, मुलांच्या चुकांवर मिळून डोके चालवणे हा या अभ्यासाचा गाभा आहे. म्हणून छात्राध्यापकाचे, म्हणजे शिक्षक होण्यासाठी शिकणाऱ्याचे, यश त्याच्यामुळे दुसऱ्या कोणाला काय शिकता आले यावरून जोखले पाहिजे, आणि सहजीवनाला वेळापत्रकात हक्काची जागा, श्रेयांक आणि कडक परीक्षण मिळाले पाहिजे. आज ते फावल्या वेळात ढकलले जाते आणि मग त्यावर फावल्या वेळाचे काम असल्याचा ठपका ठेवला जातो.

वास्तुविशारद होऊ पाहणाऱ्याचा आराखडा त्याच्या हातात असतो, गणित शिकणाऱ्याची सिद्धता कागदावर असते. शिक्षकाची कामगिरी मात्र नेहमी दुसऱ्याच्या वहीत, दुसऱ्याच्या बोलण्यात आणि कधी कधी फार उशिरा उमटते. १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात मुक्ता साळवे या १४ वर्षांच्या मुलीचा निबंध छापून आला. मांग-महारांच्या वाट्याला आलेले दुःख सांगताना तिने आमचा धर्म कोणता, असा प्रश्न थेट ईश्वरालाच विचारला. मुक्ता फुले दांपत्याने उभ्या केलेल्या शाळेत शिकली होती. त्या निबंधातली धार तिची स्वतःची. तिचे श्रेय दुसऱ्या कोणाला देणे हा तिच्यावर अन्याय होईल. तरीही त्या शाळेत शिकवणाऱ्यांच्या योग्यतेचा याहून मोठा पुरावा कोणता? आणि आजच्या पद्धतीच्या यशसूचीत त्याला कोणत्या रकान्यात बसवले असते? पदक नाही, प्रमाणपत्र नाही, शोधनिबंध नाही. शिकवणाऱ्याचे सर्वांत मोठे यश ज्या मोजपट्टीवर दिसतच नाही, ती मोजपट्टी शिक्षणशास्त्र विभागाने वर्षानुवर्षे का वापरावी?

यावर कोणी म्हणेल, आधी उत्तम विद्वानांकडून ज्ञान मिळू द्या, बाकीचे आपोआप होईल. हा प्रयोग इतिहासात फार मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर देशभर शाळा उभारायच्या, तर आधी शिक्षक हवेत, म्हणून १७९४ मध्ये पॅरिसला 'एकोल नॉर्मल' ही संस्था स्थापन करायचे ठरले. जानेवारी १७९५ मध्ये ती सुरू झाली. फ्रान्सच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून सुमारे १४०० जण निवडून आणले होते. शिकवायला लाग्रांज, लाप्लास, माँज यांच्यासारखे गणितज्ञ आणि बर्थोले यांच्यासारखे रसायनशास्त्रज्ञ. त्या काळात जगात याहून भारी अध्यापकवर्ग कुठे मिळाला नसता. व्याख्याने लघुलिपीत टिपून घेऊन छापलीही गेली. चार महिन्यांत, मे १७९५ मध्ये, संस्था बंद पडली. बंद पडण्याला पैशाची चणचण होती, राजकारण होते, शिष्यांच्या पूर्वतयारीत जमीन-अस्मानाचा फरक होता, हे सगळे खरे. पण शिक्षक तयार करण्याची संस्था म्हणून तिच्या रचनेतच एक पोकळी होती: सरावासाठी मुलांचा वर्ग नव्हता. एका विशाल सभागृहात शेकडो माणसे ऐकत बसली होती. ऐकलेले त्यांनी लहान गटात, एकमेकांसमोर, मुलांसमोर करून पाहावे अशी सोय नव्हती. पुढे याच नावाखाली वेगळ्या पायावर उभी राहिलेली संस्था फ्रान्सच्या बौद्धिक जीवनाचा कणा बनली. पण गावोगावच्या प्राथमिक शाळांना शिक्षक पुरवण्याचे मूळ काम तिच्याकडे राहिले नाही.

शिक्षक होणाऱ्याची खास अडचण समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये नेमकी पकडली. शल्यचिकित्सक होण्यापूर्वी कोणी बारा-पंधरा वर्षे शस्त्रक्रिया पाहत बसलेला नसतो. शिक्षक होणारा मात्र इतकी वर्षे रोज शिक्षकांना पाहत आलेला असतो, तेही फक्त बाकावरून. वर्ग सुरू होण्याआधीची तयारी, ऐन वेळी बदललेला बेत, संध्याकाळी मनात राहिलेली खुटखुट यांतले काहीच त्याच्या नजरेस पडलेले नसते. म्हणून शिकवणे त्याला ओळखीचे वाटते आणि संकटाच्या क्षणी तो आपल्याला शिकवणाऱ्यांचीच नक्कल करतो. ही सवय व्याख्यानाने सुटत नाही. 'विद्यार्थीकेंद्री अध्यापन' या विषयावर तासभर एकतर्फी व्याख्यान ऐकून त्यावरची परीक्षा उत्तम गुणांनी पास होणारे आणि दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्याकडे तोंड करून बोलणारे छात्राध्यापक कोणत्याही विभागात भेटतील. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. शिकवण्याच्या पडद्यामागची बाजू बघायला मिळते ती सोबत्याच्या तयारीत सामील झाल्यावर, आणि आपली तयारी सोबत्याला दाखवायची वेळ आल्यावरच.

आता प्रत्यक्षात काय चालते ते पाहा. सरावपाठ हा शिक्षक-प्रशिक्षणाचा आत्मा मानला जातो. एक छात्राध्यापक पाठ घेतो, मागच्या बाकांवर चार-पाच सहाध्यायी निरीक्षण नोंदवही उघडून बसतात. आवाज स्पष्ट. फलकलेखन योग्य. साधनांचा वापर समाधानकारक. प्रश्न विचारण्याचे कौशल्य चांगले. उद्या तो माझा पाठ बघणार आहे, म्हणून आज मी त्याला सांभाळून घेतो. पाठ संपतो, मार्गदर्शक प्राध्यापक दोन वाक्ये बोलून पुढच्या वर्गाकडे जातात. तिसऱ्या रांगेतल्या मुलीने उत्तर लिहून खोडले, पुन्हा लिहिले, पुन्हा खोडले आणि शेवटी शेजारणीच्या वहीतून उतरवून घेतले, हे पाचही निरीक्षकांपैकी कोणाच्या नोंदीत नाही, कारण त्यांच्या तक्त्यात त्या मुलीसाठी ओळच नाही. याला सहजीवन म्हणता येणार नाही आणि अभ्यासही म्हणता येणार नाही.

जपानमध्ये शंभराहून अधिक वर्षे रुजलेली 'जुग्यो केन्क्यू' ही पद्धत याच प्रसंगाची पूर्ण उलटी मांडणी करते. गट मिळून एकच पाठ आखतो, त्यावर कित्येक आठवडे घालवतो. मुलांपुढे कोणता प्रश्न ठेवायचा, कोणते आकडे घ्यायचे, कोणती चुकीची उत्तरे येतील, यावर कीस काढला जातो. मग एक जण पाठ घेतो आणि बाकीचे मुलांकडे बघतात. शिकवणाऱ्याच्या हावभावांची तपासणी हा त्यांचा हेतू नसतो. नंतरच्या चर्चेत पाठ सगळ्यांचा असतो, म्हणून टीका कोणा एकाच्या जिव्हारी लागत नाही आणि कोणालाही तोंडदेखली स्तुती करावी लागत नाही. पाठ सुधारून पुन्हा घेता येतो, लिहून ठेवता येतो, दुसऱ्या शाळेला देता येतो. इथे सहजीवन आणि गुणवत्ता यांत निवड करायला सांगा बरे! कुठून कापणार?

विषयज्ञानाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि तो मी आधी मान्य करतो. ज्याला दशांश अपूर्णांक स्वतःलाच नीट उमगलेले नाहीत, त्याला कितीही प्रेमळ गोतावळा मिळाला तरी त्याच्या वर्गातली मुले गोंधळलेलीच राहणार. वर्षातले तास मोजके आहेत आणि स्नेहसंमेलनाच्या तालमींनी अभ्यासाचे तास खाल्ल्याची तक्रार अनेक ठिकाणी रास्त आहे. पण शिक्षकाला लागणारे विषयज्ञान असते कसे? ०.३५ आणि ०.४ यांत मोठे कोणते, असे विचारल्यावर एखादा मुलगा ०.३५ म्हणतो, कारण ३५ हे ४ पेक्षा मोठे. दुसरी मुलगी ०.४ म्हणते, उत्तर बरोबर येते, पण तिचे कारण ऐकले तर ती म्हणते की दशांशचिन्हापुढे कमी अंक असले की संख्या मोठी. तिला ०.४५ आणि ०.३ विचारा, ती ०.३ सांगेल. पहिल्याची चूक दिसते, दुसरीची बरोबर उत्तराखाली दडलेली आहे. हे ओळखणे गणिताचेच ज्ञान आहे, फक्त ते गणिताच्या पदवीत मिळत नाही. एका छात्राध्यापकाला त्याच्या थोड्याशा सरावपाठांत अशा किती चुका भेटणार? तीस जणांनी आपापल्या वर्गांतल्या चुका दर आठवड्याला एका टेबलावर मांडल्या, त्यांची कारणे शोधली, त्यांवर चालणारे आणि न चालणारे उपाय नोंदवले, तर वर्षअखेर प्रत्येकाकडे तीस जणांचा अनुभव असेल. म्हणजे इथे सोबत हेच ज्ञान मिळवण्याचे साधन झाले. एकट्याने पुस्तक वाचून ते मिळत नाही.

हा केवळ तर्क नाही. किराबो जॅक्सन आणि इलायस ब्रुगमन या अर्थशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या प्राथमिक शाळांच्या नोंदी तपासल्या. एखाद्या शिक्षकाच्या सोबतीला अधिक प्रभावी सहकारी आले की त्या शिक्षकाच्या स्वतःच्या वर्गातल्या मुलांचे गणित आणि वाचन सुधारते, असे त्यांना आढळले. हा परिणाम नवख्या शिक्षकांत सर्वाधिक होता. याचा अर्थ असा की चांगला शिक्षक भिंतीपलीकडच्या, आपण कधी न शिकवलेल्या मुलांनाही शिकवत असतो. मग शिक्षणशास्त्र विभागातून बाहेर पडणाऱ्या माणसाला सहकाऱ्याकडून शिकता येते का, आणि सहकाऱ्याला शिकवता येते का, याची परीक्षा न घेताच आपण त्याला पदवी कशी देतो?

वैयक्तिक सन्मानाच्या बाजूचेही म्हणणे डावलण्यासारखे नाही. घरातून पहिल्यांदाच विद्यापीठात आलेल्या मुलीसाठी नावानिशी मिळालेले पदक म्हणजे पुढच्या शिक्षणाचे दार असते, आईवडिलांना दाखवायचा पुरावा असतो, शिष्यवृत्तीच्या अर्जातली ओळ असते. 'आम्ही सर्वांनी मिळून केले' या वाक्याखाली कष्ट करणाऱ्याचे नाव पुसले जाणे आणि मोठ्या आवाजात बोलणाऱ्याचे उरणे हे ज्ञानाच्या क्षेत्रात पुष्कळदा घडले आहे. स्त्रियांच्या बाबतीत तर फारच. गटकार्यात दोघांनी राबायचे आणि पाच जणांनी गुण घ्यायचे, हा अनुभवही सार्वत्रिक आहे. म्हणून पदके बंद करा असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण यावरचा उपाय गटकार्य टाळणे हा नव्हे. कोणी काय केले याचा बारकाईने हिशेब ठेवणे हा आहे. अनेक संशोधन-नियतकालिके आता प्रत्येक लेखकाने नेमके कोणते काम केले ते छापतात. पाठाची कल्पना कोणाची, मुलांच्या मुलाखती कोणी घेतल्या, फसलेला भाग कोणी ओळखला, दुसऱ्यांदा पाठ कोणी घेतला, हे छात्राध्यापकांच्या कामात लिहिता येणार नाही का? सगळ्या गटाला एकच आकडा देणे ही परीक्षकाची सोय आहे आणि तिची किंमत प्रामाणिक विद्यार्थी मोजतो.

सहजीवनाच्या कैवाऱ्यांना मात्र एक प्रश्न टोचायला हवा, आणि तो त्यांच्या विरोधकांनी फारसा विचारलेला नाही. हे सहजीवन कोणाचे? संध्याकाळी सहानंतर जमणाऱ्या अभ्यासमंडळात नोकरी करून शिकणारा येऊ शकत नाही. लहान मूल घरी असलेली आई येऊ शकत नाही. दूरवरून रोज ये-जा करणारा शेवटची गाडी चुकवू शकत नाही. ज्याची बोली वेगळी, ज्याची जात किंवा पंथ वेगळा, तो आला तरी कडेला बसतो. 'आमचा विभाग म्हणजे एक कुटुंब' हे वाक्य बाहेर राहिलेल्याच्या कानांना कसे लागत असेल? आपोआप जमणारा गट हा आधीच एकमेकांसारख्या असणाऱ्यांचा गट असतो.

युरी ट्रीसमन यांचे काम इथे फार मोलाचे आहे. १९७० च्या दशकात ते अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात बर्कली येथे गणिताचे संशोधक विद्यार्थी होते. कलनशास्त्राच्या (कॅल्क्युलसच्या) पहिल्याच अभ्यासक्रमात कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या प्रमाणात का अडखळतात, याची कारणे प्राध्यापकांना आधीच ठाऊक होती: प्रेरणा कमी, घरून पाठबळ नाही, पूर्वतयारी कच्ची, गरिबी. ट्रीसमन विद्यार्थ्यांच्या अभ्यासाच्या जागी जाऊन राहिले, पाहत राहिले. एकही स्पष्टीकरण पुरेसे ठरले नाही. ही मुले सांगितले तितके तास इमानेइतबारे अभ्यास करत होती, पण एकटी. चिनी वंशाचे विद्यार्थी आधी एकेकटे आणि मग एकत्र बसून उत्तरे ताडून पाहत, एकमेकांची परीक्षा घेत. त्यांना आपण कुठे आहोत हे कळत होते. एकट्याला ते थेट निकालात कळत होते. ट्रीसमन यांनी मग कार्यशाळा उभारली. ती दुर्बलांसाठीचा जादा तास म्हणून ठेवली नाही. गुणवंतांसाठीचा कार्यक्रम म्हणून ठेवली आणि तिथे नेहमीपेक्षा अवघड गणिते दिली. नापास होण्याचे प्रमाण लक्षणीय घटले. या कामातून मी दोन गोष्टी घेतो. सोबत सर्वांना मिळायची तर ती कोणीतरी योजून घडवावी लागते. आणि तिच्या मध्यभागी काहीतरी अवघड काम लागते. नुसत्या आपुलकीवर ती टिकत नाही.

आपुलकीवर उभ्या राहिलेल्या समूहाचे काय होते, ते यव्हेर्दाँने दाखवून दिले आहे. १८०५ पासून स्वित्झर्लंडमधल्या या गावात शिक्षणतज्ज्ञ पेस्तालोझी यांची शाळा चालली. युरोपभरातून माणसे ती पाहायला येत. पुढे बालवाडीचे जनक ठरलेले फ्रोबेल तिथे राहून शिकून गेले. शिक्षक आणि मुले एकत्र राहत, एकत्र काम करत; प्रेम हाच शिक्षणाचा पाया, असे संस्थापक मानत. आणि तरीही नीडरर आणि श्मिड या त्यांच्या दोन प्रमुख सहकाऱ्यांचे वैर इतके विकोपाला गेले की १८२५ मध्ये शाळा बंद करावी लागली. मतभेद बोलून दाखवण्याची, ते पुराव्यावर तपासण्याची रीत त्या कुटुंबात नव्हती. होती ती एका थोर वृद्धावरची निष्ठा. याउलट अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात सुरू केलेल्या प्रायोगिक शाळेत शिक्षकांच्या साप्ताहिक बैठका हा कामाचा नियमित भाग होता. आठवड्यात काय केले, मुलांनी काय केले, काय बदलायचे, याची चर्चा विद्यापीठाच्या छत्राखाली होत असे. १९०४ मध्ये ड्यूई शिकागो सोडून गेले आणि तो प्रयोग मूळ रूपात राहिला नाही, हेही लपवू नये. पण बैठकीची ती रीत कोणत्याही विभागाला आज उचलता येईल.

तेव्हा विभागांकडे माझी मागणी अशी आहे. पाठचर्चा संध्याकाळी ठेवू नका, भर दुपारी, हजेरीच्या तासात ठेवा, म्हणजे घरी मूल असलेलीलाही तिथे बसता येईल. गट आवडीनिवडीवर सोडू नका. विषय, भाषा, अनुभव यांची सरमिसळ करून पाडा आणि सत्रागणिक बदला. यशाच्या यादीत सुवर्णपदक जरूर छापा, पण त्याच्या बरोबरीने एखादा सुधारलेला पाठ छापा: पहिल्यांदा तो कुठे फसला, मुलांनी काय उत्तरे दिली, कोणाच्या सूचनेने काय बदलले, दुसऱ्यांदा काय झाले. पुरस्कारासाठी अर्ज करणाऱ्याला एका सहाध्यायाचे निवेदन जोडायला लावा, ज्यात याच्यामुळे माझ्या वर्गात नेमके काय बदलले हे उदाहरणासह लिहिलेले असेल. पदवी घेऊन गेलेल्यांना काही वर्षांनी विचारा, तुम्ही अजून शिकवता का, आणि अडल्यावर कोणाला फोन करता? ज्या विभागाच्या माजी विद्यार्थ्यांकडे या प्रश्नाचे उत्तर नाही, त्याच्या स्नेहमेळाव्यांची संख्या कितीही असो, तिथे सहजीवन रुजले असे मी मानणार नाही.

हे मोजता येत नाही, असा आक्षेप येईलच. आवाजाची स्पष्टता आणि फलकलेखन यांना आपण वर्षानुवर्षे गुण देत आलोच की! सहाध्यायाच्या वर्गातला बदल त्याहून अधिक ठोस आहे; त्याचा पुरावा मुलांच्या वह्यांत सापडतो.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती विद्यार्थ्यांची नाही. पाठ बारकाईने पाहणे, गटासोबत तासभर बसणे, दुसऱ्या वेळी पुन्हा वर्गात जाणे यासाठी प्राध्यापकाचा वेळ लागतो, आणि बढतीच्या वेळी विद्यापीठ त्याचे शोधनिबंध मोजते. वीस छात्राध्यापकांना मनापासून घडवणारी प्राध्यापिका आणि दोन मिनिटांत शेरा मारून निघणारा तिचा सहकारी यांच्या कागदोपत्री नोंदीत काहीच फरक पडत नसेल, तर छात्राध्यापकांनी एकमेकांसाठी वेळ द्यावा असे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचे? पाठनिरीक्षण आणि पाठचर्चा हे अध्यापनाचे पूर्ण तास म्हणून कार्यभारात धरले जावेत, आणि बढतीच्या अर्जात त्यांना शोधनिबंधाइतकेच वजन असावे. विद्यार्थ्यांच्या यशाची पुढची यादी जाहीर करण्याआधी विद्यापीठाने एवढा एक ठराव करावा.